बदली घर चालणार नाही

माझे दोन्ही गुडघे बाईंनी खाल्ले. हाडांच्या डॉक्टरने एक्स-रे दिव्यासमोर धरून विचारलं, "काकी, तरुणपणी खेळाडू होतात का?" मी म्हटलं, "नाही हो, संख्याशास्त्र विभागात होते." त्याला वाटलं मी गंमत करतेय. आता त्याला कुठून सुरुवात करून सांगणार, की लालबाग, परळ, नायगाव, घोडपदेव या पट्ट्यातला एकही जिना असा नाही जो मी बाईंच्या हट्टापायी चढले नाही, आणि बरेचसे तर पुन्हा पुन्हा चढले, कारण वर गेल्यावर दाराला कुलूप असायचं.

बाई म्हणजे आमच्या विभागप्रमुख. परळच्या एका संशोधन संस्थेत गिरणी कामगारांच्या तब्येतीच्या पाहण्या चालायच्या, त्यातला आकड्यांचा सगळा भार बाईंवर. आज त्यांच्या नावाची एक पद्धत पाठ्यपुस्तकांत आहे, परदेशात ती शिकवतात. या देशात ज्यांनी या विषयाची वाट पाडली त्यांत बाईंचं नाव घेतलं जातं. मी त्यांच्या हाताखाली घरोघर जाऊन प्रश्न विचारणारी. त्या पद्धतीतलं गणित मला आजही नीट सांगता येणार नाही. ती कुठल्या जिन्यावर जन्मली ते मात्र सांगता येईल.

कुठल्या घरी जायचं ते बाई चिठ्ठ्या टाकून ठरवत, म्हणजे हाउजीचे लाकडी आकडे काढून. साखरेच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या डब्यात ते ठेवलेले असायचे. या कामासाठी आकड्यांचे छापील तक्ते मिळत, संस्थेच्या संचालकांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, ते बाहेरून मागवलेही होते. बाई म्हणत, "तक्ता मला कळतो, साहेबांना कळतो. चहावाल्याला कळत नाही. उद्या कुणी म्हणेल बाईंनी आपल्या ओळखीची घरं घेतली." म्हणून मग चहावाला, शिपाई, टपाल टाकायला आलेला पोस्टमन, जो सापडेल त्याचा हात डब्यात घातला जायचा. चाळ, माळा, खोली असे आकडे निघत. एकदा निघाले की बाई झाकण दाबून लावत आणि म्हणत, "लग्न लागलं. आता बदली घर चालणार नाही."

तेव्हा सगळीकडे बदली घराची चाल होती. निघालेल्या घराला कुलूप दिसलं की शेजारचं दार वाजवायचं, त्यांची उत्तरं घ्यायची आणि खाली उतरायचं. कुणाला त्यात गैर वाटत नसे. बाईंना मात्र तो शब्दच टोचायचा. त्यांचे वडील मालवणकडून मुंबईत आले आणि गिरणीत बदली म्हणून लागले. रोज सकाळी गेटावर उभं राहायचं. आत कुणी आला नसेल तर त्याच्या जागी दिवसभराचं काम, सगळे आले असतील तर आल्या पावली घरी. बाई सांगायच्या, "बाबा म्हणायचे, मी आत गेलो की जो आला नाही त्याची चौकशी थांबायची. साचे चालू आहेत ना, मग कशाला कोण विचारतो." हे त्या एरवीच्याच आवाजात सांगायच्या, तपकिरी फायलीवरची धूळ झटकत.

स्वभावाने बाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्याबरोबर राहणं म्हणजे दमणूक. कुणी काहीही ठामपणे बोललं की त्यांचा एक प्रश्न ठरलेला, "ढवळलंस का?" भात शिजला की नाही ते शीत चेपून बघायचं तर आधी पातेलं ढवळायला हवं, नाहीतर वरचं शीत वरचंच सांगणार, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं बरोबरच होतं. पण सासूशी भांडून आलेली सून "सगळ्या सासवा सारख्याच" असं डोळे पुसत म्हणते तेव्हा तिला "ढवळलंस का?" विचारायचं नसतं. बाईंनी मला विचारलं होतं. मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

हिंदमाताच्या कापडबाजारात त्यांच्याबरोबर साडी घ्यायला जायची कुणाची तयारी नसे. दुकानदार समोर गठ्ठा टाकायचा आणि वरच्या साड्या उलगडायला लागायचा. बाई त्याचा हात धरून थांबवत. "वरच्या तू मला दाखवायच्या म्हणून ठेवल्यास. खालच्या दाखव." मग डोळे मिटून गठ्ठ्यात हात घालून एक ओढत आणि तीच घेत. बदली साडीही चालत नसे. त्यामुळे आमच्या विभागप्रमुख दिल्लीहून मोठी माणसं यायची त्या दिवशी गडद जांभळ्यावर पोपटी काठ अशा अवतारात बसलेल्या असत. दादरच्या मासळीबाजारात तेच. टोपलीच्या तळाशी हात गेला की कोळीण वैतागायची. एकदा म्हणाली, "खालचा माल सांजचे येऊन घे गो बाय, तवा तोच वर येल." बाईंना ते पटलं. त्या खरंच संध्याकाळी परत गेल्या आणि घेतलेल्यातलं अर्धं पापलेट मायेने माझ्याकडे पाठवून दिलं. नवऱ्याने वास घेऊनच विचारलं, की बाईंचं तुझ्याशी काही बिनसलंय का.

आमच्यात एक मुलगा होता, चुणचुणीत. त्याने कुलूप असलेली घरं एका इराण्याकडे चहा पीत भरून टाकली, सगळी उत्तरं मनाची. बाईंनी कागद चाळले, त्याला बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाल्या, "इतकी शहाणी माणसं लालबागमध्ये राहत नाहीत. खरी माणसं एकात दुसरं सांगतात, वय विसरतात, बायकोला विचारून येतात." त्याला काढून टाकलं नाही. ती सगळी घरं पुन्हा करायला लावली. तो पुढे बँकेत लागला आणि तिथे सुखी झाला, असं ऐकते.

बाईंचं ते मोठं काम ज्या पाहणीतून झालं, ती मे महिन्यात निघाली होती. गिरणगावात मे महिन्यात पाहणी काढायची म्हणजे शुद्ध मूर्खपणा, आणि तो आमच्यासारख्या कागदावर वेळापत्रक आखणाऱ्यांनाच सुचू शकतो. मेमध्ये सगळं कोकण कोकणात असतं. जिथे जाऊ तिथे कुलूप. उघडी सापडली त्या घरांतल्या जुन्या कामगारांना छातीचा त्रास विचारला, तर फारसा कुणाला नव्हता. साहेब खूश झाले. गिरणीमालकांचे डॉक्टर तर जास्तच खूश झाले, कारण कापसाच्या धुळीने माणसाची छाती जाते अशी तक्रार तेव्हा नुकती जोर धरायला लागली होती.

बाई म्हणाल्या, "बंद घरांचं काय?"

"सुट्टीत गेलेत हो सगळे," साहेब म्हणाले. "शेजारची घरं घ्या आणि संपवा. एकाच माळ्यावरची, एकाच गिरणीतली माणसं. फरक काय पडणार आहे?"

"साहेब, उद्या तुम्ही आला नाहीत तर तुमच्या खुर्चीत शेजारच्या बिल्डिंगमधले गृहस्थ आणून बसवू? एकाच रस्त्यावर राहता."

साहेब हसले नाहीत. बाईंनीही हसावं म्हणून म्हटलं नव्हतं. शाळा सुरू झाल्यावर त्यांनी आम्हाला पुन्हा त्याच जिन्यांवर धाडलं. बरीच कुलपं निघाली होती. काही तशीच होती, आणि काही घरांत बायको-मुलं परत आली होती, पण माणूस आला नव्हता. लालबागच्या एका चाळीत मी शेजारणीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. "ते होय? ते गावाक गेले हवा बदलूक. दिवाळीच्या आदीच गेले."

"मग परत कधी येणार?"

तिने सूप खाली ठेवलं. "आता कसले येतत, बाय."

हे मी ऑफिसात येऊन सांगितलं तेव्हा बाईंनी त्या घराचा कागद वेगळा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "कुलूप लागलं की मागे जायचं. गावी जायचं." आम्हाला वाटलं बोलण्याची रीत आहे. पण दुसऱ्याच आठवड्यात आमच्या हातात एसटीची तिकिटं होती.

त्या फेऱ्यांबद्दल मी कधी प्रेमाने बोलू शकत नाही. कोकण सुंदर आहे हे लोक सांगतात ते मला खरं वाटतं, पण मी पाहिलं ते एसटीच्या मागच्या सीटवरून, आणि नंतर पाणंदीतून चालत, चपलेचा अंगठा तुटलेला. घर सापडायचं. आणि तिथे पडवीत, खाटेवर किंवा घोंगडीवर, आमचा बंद घरवाला उकिडवा बसून खोकत असायचा. एक नाही, दोन नाही, घरामागून घर. उमेदीत असेतो माणूस मुंबईत राबायचा, छाती भरली की गिरणीतून नाव कमी व्हायचं, आणि मग मुलगा किंवा भाऊ त्याला उचलून गावी आणून सोडायचा. गिरणीच्या दवाखान्याच्या लेखी तो नव्हता. मुंबईच्या मृत्यूंमध्ये तो येणार नव्हता. गावात गेला तर म्हातारा खोकून गेला, बस. मुंबईत मोजायला उरायचे ते धडधाकट. म्हणून गिरणगावाची छाती कागदावर ठणठणीत होती.

बाईंनी त्यावर जे केलं ते त्यांचं शास्त्र. बंद दारांचा माग कसा काढायचा, सापडलेल्यांवरून न सापडलेल्यांचा अंदाज कसा बांधायचा आणि त्या अंदाजावर किती विश्वास ठेवायचा, याची त्यांनी रीत बसवली. तिला परदेशी पुस्तकांत भारदस्त नाव आहे. आम्ही तिला 'कुलूप' म्हणायचो. आज साथीच्या काळात, स्थलांतरात, कुठेकुठे ती वापरतात, असं बाईंचे विद्यार्थी सांगतात. अहवाल गाजला. गिरण्यांनी त्याचं काय केलं ते विचारू नका. पुढे गिरण्याच गेल्या.

त्या रीतीचं नाव ऐकून एकदा बाहेरचे एक मोठे प्राध्यापक आले. त्यांना बाईंची प्रयोगशाळा बघायची होती. बाईंनी त्यांना टॅक्सीत घालून घोडपदेवला नेलं, तीन माळे चढवलं आणि एका बंद दारासमोर उभं केलं. म्हणाल्या, "ही." प्राध्यापक घामाघूम झाले होते, पण समजूतदार होते. त्यांनी वाकून कुलपाचा फोटो घेतला. समोरच्या खोलीतली बाई बाहेर आली आणि मला हळूच म्हणाली, "काय ओ, जप्ती आली काय यांच्यावर?"

गावातल्या प्रश्नावलीत बाईंनी सगळ्यात शेवटी एक प्रश्न घातला होता. गावी आल्यावर पहिलं काय मागितलं? साहेबांनी तो दोनदा खोडला आणि बाईंनी दोनदा परत लिहिला. त्याची बेरीज होत नाही, सरासरी निघत नाही, तो कुठल्याही लेखात आला नाही. लोक सांगायचे, पेज मागितली, बांगडा मागितला, आमच्या विहिरीचं पाणी मागितलं. एकाने येऊन पडल्या पडल्या विचारलं होतं, "भोंगो झालो काय?" शनिवारी काम उरकलं की बाई ही उत्तरं आम्हाला मोठ्याने वाचून दाखवत. त्यांच्या मालवणी उच्चारात ती ऐकायला बरं वाटायचं. मी एकदा विचारलं, याचा उपयोग काय. "मोजायला नाही गं विचारत," त्या म्हणाल्या. "सगळं मोजायला नसतं विचारायचं." बाईंच्या तोंडून हे वाक्य मी एकदाच ऐकलं.

मग त्यांच्या बाबांची छाती भरली.

बाई लग्नाच्या भानगडीत पडल्या नव्हत्या. नायगावच्या एका चाळीतल्या खोलीत त्या आणि त्यांचे बाबा राहत. भाऊ गिरणीत होता, शेजारच्याच चाळीत राहायचा. बाबा एक गोष्ट लावून बसले, "माका गावाक न्हेवन सोड गो." भाऊ तयार होता. बाई नाही म्हणाल्या. हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर, तिथले डॉक्टर ओळखीचे, आणि गावी गेलेल्यांचं काय होतं हे सगळ्या मुंबईत जर कुणाला पुराव्यानिशी ठाऊक असेल तर ते बाईंना. "गावी डॉक्टर नाही बाबा. तिथे गेलेली माणसं मी बघून आलेय," असं त्या सांगायच्या. बाबा मान फिरवायचे.

मी वॉर्डात डबा घेऊन जायचे तेव्हा बाबा माझ्याशी बोलत. ऑक्सिजनची नळी बाजूला करून म्हणत, "माका काय एक नको, बाय. पडवीत खाट घालूची आणि डोळ्यांसमोर माड दिसाक होयो. बस." बाई तिथेच उभ्या असत, खाटेच्या पायाशी लावलेला तापाचा तक्ता वाचत. ते वॉर्डातच गेले. खिडकीतून समोरच्या इमारतीचे नळ दिसत होते.

चौथ्या-पाचव्या दिवशी बाई कामावर आल्या. बाबांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, आणि आम्हीही नाही. शनिवारी मी सवयीने गावाकडची उत्तरं त्यांच्यासमोर ठेवली. त्या म्हणाल्या, "ती बांधून ठेव." प्रश्न त्यांनी काढून टाकला नाही. आम्ही विचारत राहिलो, लिहीत राहिलो. वाचून दाखवणं तेवढं बंद झालं ते कायमचं.

यानंतरची वर्षं भराभर गेली असं म्हणायची पद्धत आहे, पण ती भराभर गेली नाहीत. जिन्यांनी, फायलींनी, मुलांच्या परीक्षांनी घासत गेली. बाईंना मानसन्मान मिळाले, शाली मिळाल्या, त्या शाली त्यांनी चाळीतल्या म्हाताऱ्यांना वाटून टाकल्या, अर्थात आकडे काढून. त्या निवृत्त झाल्या, मग मीही झाले. मला वाटलं सुटले. पण बाईंना दुसरं कुणी नव्हतं. भाऊ गिरणी बंद पडल्यावर गावी गेला आणि तिथेच वारला. त्याचा मुलगा गावाकडे रिक्षा चालवतो. इथे म्हणजे मीच. दर बुधवारी दादरहून डबा घेऊन नायगावला जायचं आणि बाईंचा माळा चढायचा, हे अंगवळणी पडलं.

आता ती चाळ पाडायला घेतलीय. पुनर्विकास. लोक आपापले संसार टेम्पोत भरून भाड्याच्या जागांत गेले. बाईंच्या माळ्यावर शेवटी बाई आणि एक पोलिसाचं बिऱ्हाड एवढंच उरलं. रिकाम्या खोल्यांना कुलपं, आणि त्यांवर खडूने फुल्या. बाईंचं हृदय थकलं होतं, पायांवर सूज, चार शब्द बोलून दम लागायचा. डॉक्टरांनी मला बाहेर घेऊन सांगितलं, की आता हॉस्पिटलात ठेवून काही साधणार नाही, आपल्या माणसांत राहू द्या. महिनाअखेर खोली सोडायची होती. भाच्याचा फोन यायचा, "मावशी, तुमीच सांगा आतेक. मी गाडी घेवन येतंय. माजा आयकना नाय ती."

मलाही वाटत होतं की त्यांनी जावं. त्यांच्या भल्यासाठी, आणि उगाच मोठेपणा कशाला घेऊ, माझ्यासाठीही. मी दमले होते. मला बुधवारी दुपारी झोपायचं होतं.

त्या बुधवारी मी विषय काढला. बाई खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या.

"इथेच नायगावात भाड्याची खोली बघ," त्या म्हणाल्या. "तळमजल्यावरची."

"आणि रात्री पाणी कोण देणार?"

"बाई ठेवू."

"बाई, तिकडे तुमचं घर आहे, भाचा आहे, सून आहे. तो पोरगा रोज फोन करतो."

"माझ्या दाराला कुलूप नाही लावायचं मला."

"कुलपाचं काय घेऊन बसलात," मी वैतागून म्हटलं. "दारच राहणार नाहीये. दिवाळीनंतर इथे खड्डा असेल."

त्यांनी डोळे मिटले. खाली कुणाच्या तरी कपाटाची दारं टेम्पोवर आपटत होती. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाल्या, "बाबांना नाही पाठवलं मी."

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा. मी डब्याची झाकणं लावत होते ती तशीच हातात राहिली.

"किती मागितलं त्यांनी. आता मी त्या घरात कुठल्या तोंडाने जाऊन झोपू?"

"तुम्ही काय वाईटासाठी ठेवलंत? डॉक्टर होते इथे."

"आकडे बघून ठेवलं. आकडे बरोबर होते. आजही बरोबर आहेत."

"मग?"

"मग काय. इथेही मेलेच ना. नळ बघत मेले."

मी त्यांना कधी हात लावला नव्हता. बाई तसल्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांच्या सुजलेल्या पायावर हात ठेवला आणि त्यांनी ठेवू दिला. थोड्या वेळाने पाय काढून घेत म्हणाल्या, "डबा काढ. कपाटात खाली."

ॲल्युमिनियमचा डबा. झाकण बसलं होतं, मी पदर धरून उघडलं. "सम आकडा निघाला तर गाव," बाई म्हणाल्या, आणि आवाज एकदम ऑफिसातला झाला. "विषम निघाला तर भाड्याची खोली. आणि मग त्यावर चर्चा नाही. ढवळ नीट."

मी ढवळलं. मला राग आला होता. माणसाने कुठे मरायचं ते हाउजीवर ठरवायचं म्हणजे काय. पण बाईंशी वाद घालायची ताकद माझ्यात तरुणपणीही नव्हती. हात घालून एक आकडा काढला आणि त्यांच्यासमोर धरला. सदतीस.

बाईंनी तो चष्मा लावून पाहिला, परत पाहिला, आणि तळहातावर धरून ठेवला. मी मनातल्या मनात नायगावच्या तळमजल्यांचा विचार करायला लागले. मग त्यांनी तो डब्यात टाकला.

"पुन्हा काढ."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "बाई, बदली घर चालत नाही."

"माहीत आहे मला. नियम कुणी केला? काढ."

काढला. एकोणीस. त्यांनी हात पुढे केला नाही, नुसतं पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. खांदे बारीक हलत होते. अगदी हळू म्हणाल्या, "पुन्हा."

मी एकोणीस आत टाकला, झाकण दाबून लावलं आणि डबा पिशवीत ठेवला. "बाई," मी म्हटलं, "गावी न्यायचे कपडे कुठल्या ट्रंकेत आहेत?"

त्यांनी न वळता बोट केलं, खाटेखाली.

भाचा रविवारी गाडी घेऊन आला. त्याने आणि त्या पोलिसाने मिळून बाईंना खुर्चीत बसवून खाली उतरवलं. दार मी लावलं. आयुष्यभर ज्या कुलपांना शिव्या घातल्या त्यातलंच एक, तसलंच, मी माझ्या हाताने लावलं आणि ओढून बघितलं. किल्ली द्यायला गाडीपाशी गेले तर बाई घेईनात. "तुझ्याकडे राहू दे. कुलूप लागलं की काय करायचं?"

"मागे जायचं."

"हं," म्हणाल्या, आणि काच वर करायला सांगितली.

त्या दिवाळीपर्यंत राहिल्या. नरकचतुर्दशीच्या पहाटे गेल्याचा फोन आला. गुडघे, घरातलं सणाचं, तिकिटं, असं होत होत तेराव्याला मी पोचले. माड होते, पाणंद होती, ती आता डांबरी झालीय. भाच्याने मला पडवीच्या पायरीवर बसायला दिलं आणि तांब्या-भांडं आणून ठेवलं. मी बसले ती बसलेच. काय बोलायचं ते सुचत नव्हतं, म्हणून मग तोंडात बसलेलं तेच विचारलं. कधी आणलं, वाटेत त्रास झाला का, खात होत्या का, झोप लागायची का. तो नीट आठवून सांगत होता. एकात दुसरं सांगत होता, बायकोला विचारून येत होता.

"आणि इथे आल्यावर पहिलं काय मागितलं त्यांनी?"

तो थांबला. "मागूक तसा काय नाय मागल्यान. मी आत खोलीत सगळा तयार केललंय, पंखो नवीन लावललंय. तर थंय नको म्हणाली. खाट पडवीत घाल म्हणाली, हयसर, तुमी बसलात थंय. आणि माड दिसाक होयो डोळ्यांसमोर, म्हणान दोनदा सरकवक लावल्यान."

"मग?"

"मगे आडवी झाली. आणि म्हणाली, 'बाबांच्या बदली मी इलंय.'" तो जरा ओशाळल्यासारखा हसला. "माका वाटला, तापात बोलता."

"नाही रे," मी म्हटलं, "तापात नाही बोलल्या." आणि तिथेच पायरीवर, त्या पोरासमोर, मला रडू आवरेना.